खान्देशातून समुद्रातल्या शिडाच्या शर्यतीत उतरायचं असेल तर: अगदी पहिल्यापासून सगळं

मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात समुद्र नाही, खाडी नाही, काही नाही. तिथल्या एका खेड्यातली शेतकऱ्याची पोरगी नेहा ठाकूर, हिने २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये इल्का ४ या बोटीवर सिल्व्हर मेडल आणलं. शिकली कुठं, तर भोपाळच्या मोठ्या तलावावर. त्याच गेम्समध्ये इबाद अलीला विंडसर्फिंगमध्ये ब्राँझ मिळालं. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारवाल्यांनी 'आपल्याकडे समुद्र नाही भो, आपलं काय काम तिथं' हे डोक्यातून काढून टाकायचं. वारा तळ्यावर शिकता येतो, आणि सेलिंगमध्ये बरंचसं काम वाऱ्याचंच असतं. समुद्रावर जाऊन शिकावी लागते ती भरती-ओहोटी, लाटा आणि मोठ्या जहाजांपासून लांब राहणं. हे दोन भाग वेगळे केले की खान्देशातल्या माणसालाही एक-दोन सिझनमध्ये मुंबईच्या एखाद्या क्लबच्या वार्षिक रेगाटामध्ये, म्हणजे शिडाच्या बोटींच्या शर्यतींच्या मालिकेत, उतरता येतं, खाली सगळं त्याच क्रमाने लिहिलंय.

आधी ठरवा, कोणत्या बोटीवर

शिडाच्या बोटी ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एक डिंगी, म्हणजे छोटी, हलकी, उलटू शकणारी बोट, एक किंवा दोन माणसांची. दुसरी कीलबोट, जिच्या खाली जड कील, म्हणजे पाण्याखालचं वजनदार पातं, असते, ती सहसा उलटत नाही आणि तिला तीन-चार-पाच माणसांचा क्रू लागतो.

पोरगं १५ वर्षांच्या आतलं असेल तर ऑप्टिमिस्ट. २.३ मीटरची चौकोनी नाकाची बोट, एकच शीड, जगभरात लहान मुलं हिच्यावरच शिकतात. त्याच्यापुढे इल्का, जिला जुने लोक अजून लेझरच म्हणतात. हिची गंमत अशी की बोट तीच, ४.२ मीटरची, फक्त वजनाप्रमाणे शीड बदलायचं: इल्का ४ ला साधारण ४.७ चौरस मीटरचं, इल्का ६ ला पावणेसहाच्या आसपास आणि इल्का ७ ला सात चौरस मीटरच्या थोडं वर. पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलामुलींनी ४ वर, साठ-सत्तर किलोवाल्यांनी ६ वर आणि त्याच्यावर वजन असेल तर ७ वर बसायचं असा साधारण हिशोब आहे.

पण तुम्ही पंचवीस-तीस-चाळीसचे असाल, नोकरी-शेती सांभाळून हा शौक करायचा असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की कीलबोटीवर क्रू म्हणून घुसा. जे-२४ सारख्या बोटीवर रेसला पाच माणसं लागतात आणि दर शनिवार-रविवारी ती पाच माणसं गोळा करणं हे बोटीच्या मालकाला जड जातं. वेळेवर येणारा, सांगितलेलं ऐकणारा आणि उलटी झाली तरी दोर न सोडणारा माणूस कुठल्याही स्किपरला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, हवाच असतो. तुम्हाला बोट विकत घ्यायची गरज नाही. मुंबईचा सगळ्यात जुना क्लब, अपोलो बंदरचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब, १८४६ चा आहे, त्याची मेंबरशिप ही वेगळीच गोष्ट झाली, पण सेलिंगचे कोर्स आणि क्रूची जागा यासाठी मेंबर असावंच लागतं असं सगळीकडे नसतं. कुलाब्याच्या बाजूला सेलिंग क्लब आहेत, आर्मी आणि नेव्हीची सेलिंग सेंटर्स आहेत. फोन करून सरळ विचारायचं, 'नवीन आहे, शिकायचंय, क्रू पाहिजे का.'

पोहणं

यात सूट नाही. आपल्याकडे पुष्कळ जण विहिरीत शिकलेत, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून काकाने ढकलून दिलेलं असतं, आणि ते चांगलंच आहे, पण विहिरीत चार हात मारले की कडा हाताला लागते. इथं तसं नाही. कपडे आणि बूट घालून निदान पन्नास मीटर पोहता आलं पाहिजे, आणि दहा मिनिटं एका जागी तरंगता आलं पाहिजे, तोंडावर पाण्याच्या चापट्या बसत असताना. जिल्ह्याच्या गावी स्विमिंग पूल असतो, तिथं दोन-तीन महिने रोज जा आणि प्रशिक्षकाकडून सर्टिफिकेट घेऊन ठेवा, नंतर एंट्रीच्या वेळी ते बहुतेक ठिकाणी मागतात.

लाइफ जॅकेटबद्दल एक नीट समजून घ्या. डिंगीवर घालतात ते ५० न्यूटनचं, त्याला बॉयन्सी एड म्हणतात, ते पोहता येणाऱ्या माणसाला तरंगायला मदत करतं. बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवण्याचं काम ते करत नाही, त्याला मोठं जॅकेट लागतं. म्हणून ज्याला पोहता येत नाही त्याने 'जॅकेट आहे ना' म्हणून डिंगीत बसू नये.

शिकायचं कुठं

भुसावळ या बाबतीत फार सोयीचं आहे. भोपाळ इथून साधारण ४०० किलोमीटर आणि मुंबई साधारण ४४० किलोमीटर, म्हणजे एका बाजूला तलाव आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, दोन्हीकडे एका रात्रीच्या गाडीने पोचता येतं. पंजाब मेल तर दोन्ही गावं जोडते. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरवाल्यांना सुरतमार्गे जाणारी खान्देश एक्सप्रेस आहे, ती मुंबईला सोडते.

भोपाळला मोठ्या तलावावर नॅशनल सेलिंग स्कूल आहे. तलावावर भरती-ओहोटी नाही, खारं पाणी नाही, बोट उलटली तर रेस्क्यू बोट दोन मिनिटात पोचते, त्यामुळे नवीन माणसाचं सगळं लक्ष वाऱ्यावर राहतं. मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं घालणं हे मला सगळ्यात योग्य वाटतं. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर मुंबईचा समुद्र छोट्या बोटींना बंदच असतो, त्या दिवसांत हैदराबादला हुसेनसागरवर सेलिंग चालू असतं, तिथली मान्सून रेगाटा मुलांच्या रेसिंगसाठी चांगली ओळखली जाते. आणि पोरगं खरंच तेज निघालं, लहान वयातच पूर्णवेळ यात घालायची तयारी असेल, तर गोव्याला नेव्हीची बॉइज स्पोर्ट्स कंपनी आहे, निवड करून घेतात, शाळा आणि सेलिंग दोन्ही तिथंच होतं.

वाघूर, हतनूर, गिरणा, उकाईचं बॅकवॉटर, एवढं पाणी असताना इथंच का नाही असं कुणीही विचारेल. व्हायला पाहिजे, मनापासून वाटतं. पण शिकवणारा माणूस, मोटरवाली रेस्क्यू बोट आणि पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी या तीन गोष्टी असल्याशिवाय एकट्याने कुठलीही होडी घेऊन धरणात उतरू नका. धरणाच्या पाण्याखाली बुडालेल्या झाडांची खोडं असतात, मासेमारीची जाळी असतात, आणि दुपारी वावटळीसारखा वारा अचानक दिशा बदलतो. जिल्ह्यातले पाच-दहा जण बाहेर शिकून आले, एकत्र आले, तर परवानगीसाठी अर्ज करायला तोंड राहील.

घरी बसून करायचा अभ्यास

दोन कोर्सच्या मधे महिना-दोन महिने जातात, तेव्हा हे करा.

गाठी. शेतात वाढलेल्या माणसाला निरगाठ, सुरगाठ शिकवावी लागत नाही, हातच सांगतात. बोटीवर मुख्य तीन लागतात: बोलाइन, म्हणजे न सरकणारा फास जो कितीही ताण आला तरी नंतर सुटतो, फिगर एट, दोराच्या टोकाला आकड्यातल्या आठसारखी, म्हणजे दोर कप्पीतून निसटत नाही, आणि क्लीटवर, म्हणजे बोटीवरच्या दोर अडकवायच्या खुंटीवर, दोर गुंडाळून अडकवणं. खाटेच्या पायाला दोर बांधून डोळे मिटून, ओल्या हाताने, उलट्या बाजूने बोलाइन बांधता आली पाहिजे. बोटीवर ती बहुतेक वेळा अशाच अवस्थेत बांधायची असते.

वारा. रोज सकाळी आणि दुपारी गच्चीवर जाऊन वारा कुठून येतो ते लिहून ठेवा. वारा जिकडून येतो त्या दिशेचं नाव देतात हे डोक्यात पक्कं करा, पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून आलेला. वेग नॉटमध्ये सांगतात, एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे दहा नॉट म्हटलं की साडेअठरा किलोमीटर. पाण्यावर सात ते दहा नॉटला कुठंकुठं पांढरे फेस दिसायला लागतात, सतरा-अठराच्या पुढे सगळीकडे पांढरं दिसतं, आणि नवीन माणसाने सुरुवातीला बाराच्या वर एकट्याने जाऊ नये.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना एक गोष्ट सांगायला वेळ लागत नाही. बागेच्या बांधाला शेवरी किंवा गजराज गवत का लावतात, तर वारा अडतो आणि आतल्या झाडांची पानं फाटत नाहीत. शिडाचंही तसंच, पुढच्या बोटीच्या शिडामागे वारा मोडलेला असतो, आणि तिच्या मागे बरोबर आडोशाला सापडलात की तुमची बोट मंद होते. रेसमध्ये सगळे जण दुसऱ्याला त्या आडोशात टाकायचा आणि स्वतः मोकळ्या वाऱ्यात राहायचा प्रयत्न करत असतात. ही एकच गोष्ट नीट कळली तरी रेस बघताना वेगळं दिसायला लागतं.

बोटीवरचं मूळ काम

वाऱ्याच्या थेट तोंडावर बोट चालत नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५-४५ अंशांचा भाग असा असतो की तिथं नाक नेलं की शीड फडफडतं आणि बोट थांबते. मग वाऱ्याच्या दिशेला जायचं कसं, तर नागमोडी, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून. नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलणं म्हणजे टॅक. पाठीमागून वारा असताना शेपूट वाऱ्यातून फिरवणं म्हणजे जाइब. जाइब करताना बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, सपकन एका बाजूहून दुसऱ्या बाजूला येतो आणि डोक्याला लागला तर माणूस पाण्यात जातो, म्हणून जाइबच्या वेळी 'डोकं' हा शब्द कानावर पडला की आधी वाका, मग बघा.

शीड किती ओढायचं याचा साधा नियम: सोडत जा जोपर्यंत पुढची कड थरथरत नाही, थरथरली की तेवढंच ओढा की थरथर थांबेल. शिडावर लोकरीचे छोटे धागे चिकटवलेले असतात त्यांना टेलटेल म्हणतात. दोन्ही बाजूचे धागे सरळ मागे वाहत असले की शीड बरोबर. नवीन माणूस शीड जास्त ओढून धरतो, वाटतं घट्ट म्हणजे वेगात, होतं उलटंच.

आता उलटलेली डिंगी सरळ करणं, कारण हे येईपर्यंत रेसचं नाव काढायचं नाही. इल्का आडवी पडली की पहिली गोष्ट, बोट सोडायची नाही, किनारा कितीही जवळ दिसला तरी. मेनशीटचा, म्हणजे शीड ओढायचा-सोडायचा, दोर हातातून आणि क्लीटमधून मोकळा करा, नाहीतर शीड पाण्याने भरलेलं राहील आणि बोट वर येणार नाही. बोटीला धरून पोहत खालच्या बाजूला या, तिथं डॅगरबोर्ड, म्हणजे पोटातून खाली जाणारी फळी, आडवी बाहेर आलेली असते. तिच्यावर हात टाका, बोटीचं नाक वाऱ्याकडे वळेपर्यंत थोडा धीर धरा. ही घाई सगळे जण करतात आणि बोट सरळ होता होता वारा शिडात भरून ती दुसऱ्या बाजूला पडते. नाक वाऱ्याला आलं की फळीच्या मुळाशी, टोकाला नाही, पाय देऊन उभं राहा, काठ धरून मागे झुका. डोलकाठी आधी जड जाते, मग शिडावरून पाणी ओघळायला लागतं आणि बोट एकदम उठते. त्याच क्षणी काठावरून आत घुसायचं, टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हातात घ्यायचा. मुंबईच्या उथळ भागात आणखी एक अडचण असते, बोट पूर्ण पालथी झाली तर डोलकाठीचं टोक गाळात रुततं, तेव्हा जोर लावून काठी मोडू नका, हात वर करून रेस्क्यू बोटीला बोलवा. हा सराव तळ्यावर कोचसमोर इतका करा की कंटाळा येईल.

भरती-ओहोटी, जी आपल्याला कुणी शिकवलेली नाही

तापीला पूर येतो तो एका दिशेने जातो. मुंबईच्या बंदरात पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं, आणि उधाणाला पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे फरक कमी. कोकणातले लोक तिथीवरून वेळ काढतात: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, भरती साधारण तीन वाजता पूर्ण. अष्टमीला सहा वाजता. पुढची भरती त्यानंतर सव्वाबारा-साडेबारा तासांनी. पंचांग आपल्या प्रत्येक घरात भिंतीला टांगलेलं असतं, त्यामुळे ही सवय लगेच लागते, मात्र रेसच्या दिवशी मिनिटांचा हिशोब छापील टाइड टेबलवरूनच करायचा.

पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटीच्या वेळी पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, आणि मधल्या तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात पळतं, उधाणाला दोन नॉटच्याही वर. मंद वाऱ्यात तुमची बोट तीन नॉटने चालतेय आणि समोरून दोन नॉटचा प्रवाह आहे, तर तुम्ही प्रत्यक्षात एक नॉटने पुढे जाताय. म्हणून प्रवाह विरुद्ध असेल तर खोल पाणी सोडून किनाऱ्याच्या बाजूने, जिथं त्याचा जोर कमी, आणि सोबत असेल तर मध्यातून, एवढं नियोजन रेसच्या आधीच कागदावर करायचं. बांधलेल्या बोयाजवळ, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेजवळ, बघा, पाण्याला एका बाजूने शेपटी निघालेली दिसते, प्रवाह त्या शेपटीच्या दिशेला चाललाय.

वारा हिवाळ्यात साधारण असा: सकाळी जमिनीवरून येणारे मतलई वारे, दहा-अकराच्या सुमाराला सगळं शांत, मग दुपारी समुद्रावरून खारे वारे सुरू होतात, वायव्येकडून, आणि तीन-पाचच्या दरम्यान जोर धरतात. सातवी-आठवीच्या भूगोलात पाठ केलेलं इथं अंगावर येतं. म्हणूनच बऱ्याच रेस दुपारी सुरू करतात, आणि सकाळी शांत पाणी बघून 'आज काहीच नाही' असं म्हणत जेवण जड करू नये.

नियम, किमान एवढे तरी

रेसिंग रूल्स ऑफ सेलिंग हे पुस्तक वर्ल्ड सेलिंग ही जागतिक संघटना दर चार वर्षांनी काढते, सध्याचं २०२५ ते २०२८ चं आहे, त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. सगळं वाचून होत नाही, पण १० ते १८ नंबरचे नियम आणि २६ वा नियम पाठच पाहिजे.

वारा उजव्या बाजूने येत असेल तर तुम्ही स्टारबोर्ड टॅकवर, डावीकडून येत असेल तर पोर्ट टॅकवर. पोर्टवाल्याने स्टारबोर्डवाल्याला वाट द्यायची, हा दहावा नियम, आणि पाण्यावर सगळ्यात जास्त ओरडा याचाच ऐकू येतो, 'स्टारबोर्ड!' दोघं एकाच टॅकवर शेजारी असतील तर वाऱ्याच्या बाजूच्याने खालच्याला, म्हणजे वाऱ्यापासून पलीकडच्याला, वाट द्यायची, अकरावा. मागून येणाऱ्याने पुढच्याला त्रास द्यायचा नाही, बारावा. टॅक करत असाल तर तो पूर्ण होईपर्यंत तुम्हीच बाकीच्यांपासून लांब राहायचं, तेरावा. अठरावा मार्कचा: वळणाच्या बोयाभोवती बोटीच्या तीन लांब्यांएवढं वर्तुळ धरायचं, इल्काचं म्हणजे साडेबारा मीटर, तिथं पोचताना जो आतल्या बाजूने शेजारी असेल त्याला वळायला जागा द्यायची. हा नियम कागदावर नाणी मांडून घरच्या लोकांसोबत खेळला तरच डोक्यात बसतो.

चूक झाली तर लगेच दोन गोल फिरून शिक्षा पूर्ण करायची, बोयाला धक्का लागला तर एक गोल. दुसऱ्याने चूक केली आणि फिरला नाही तर त्याच वेळी मोठ्याने 'प्रोटेस्ट' म्हणायचं, सहा मीटर किंवा त्याहून मोठ्या बोटीने लाल झेंडाही लावायचा. संध्याकाळी किनाऱ्यावर आल्यावर आठवून तक्रार केली तर ती बाद होते.

आणि हे रेसचे नियम फक्त रेसवाल्यांमध्ये. गेटवेहून मांडव्याला आणि घारापुरीला जाणाऱ्या लाँचेस, मासेमारीची जाळी, चॅनलमधून येणारं कंटेनर जहाज यांना तुमच्या स्टारबोर्डशी काही घेणंदेणं नाही. मोठं जहाज चॅनलमध्ये वळू शकत नाही की थांबू शकत नाही, शिडाच्या बोटीनेच बाजूला व्हायचं. नेव्हीच्या धक्क्याजवळचा मनाई भाग नकाशावर आधी बघून ठेवा.

एंट्री

क्लब आधी नोटिस ऑफ रेस काढतो: तारखा, कोणते क्लास म्हणजे बोटींचे प्रकार, फी, वयाची अट, किती रेस. नंतर सेलिंग इन्स्ट्रक्शन्स येतात, त्यात कोर्सचा नकाशा, झेंडे, वेळा असतात. दोन्हीचं प्रिंट काढा आणि पेनाने खुणा करा. लागणारे कागद सहसा हे: वयाचा दाखला, पोहण्याचं सर्टिफिकेट, डॉक्टरचं फिटनेस, लहान मुलांसाठी आईबापाचं संमतिपत्र, आणि बऱ्याच राष्ट्रीय पातळीच्या रेसला यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाची नोंदणी. बोट भाड्याने मिळणार का हे एंट्रीच्या आधी लेखी विचारा, पोचल्यावर नाही.

बॅग आणि प्रवास

निदान एक पूर्ण दिवस आधी पोचा. रात्रीच्या गाडीने सकाळी सीएसएमटीला उतरून सरळ स्टार्ट लाइनवर जाणं हे अंगाला झेपत नाही. भुसावळच्या मे महिन्याचं ऊन खाल्लेल्या माणसालाही समुद्राचं ऊन भाजतं, कारण ते पाण्यावरून खालूनही येतं, आणि वारा असल्याने कळत नाही. जीन्स आणि सुती कपडे नकोत, ओले झाले की जड होतात आणि खारं पाणी मांड्या सोलून काढतं. पूर्ण बाह्यांचा पातळ स्विमिंगचा टीशर्ट, दोरी बांधलेली टोपी, दोरी बांधलेला गॉगल, हातमोजे, आणि टाच झाकणारे पाण्यातले बूट. बूट टाळू नका, मुंबईच्या रॅम्पवर कालवांची धार तळव्याला ब्लेडसारखी कापते. माणशी तीन लिटर पाणी.

खायला शेवभाजी आणि भरीत रेस संपल्यावर. आदल्या रात्री तेलकट-तिखट खाऊन डुलत्या बोटीवर बसलं की पोट लगेच हिशोब मागतं. सोबत दशम्या, केळी, थोडा गूळ-शेंगदाणे न्या, दशम्या दोन दिवस टिकतात आणि ओल्या हाताने खाता येतात. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरला विचारूनच घ्या, काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून ती आधी सरावाच्या दिवशी घेऊन बघा.

रेसचा दिवस

सकाळच्या ब्रीफिंगला वही घेऊन बसा, न कळलेलं तिथंच विचारा. पाण्यात जाण्याआधी सही करायची, परत आल्यावर पुन्हा सही करायची. परतीची सही नसेल तर रेस्क्यूवाले तुम्हाला समुद्रात शोधत फिरतात आणि बऱ्याच ठिकाणी पेनल्टीही बसते.

स्टार्ट लाइन म्हणजे कमिटी बोट (शर्यत चालवणाऱ्यांची बोट) आणि एका बोयामधली काल्पनिक रेषा. घड्याळ हातात, काउंटडाउन लावलेलं. पाच मिनिटं बाकी असताना तुमच्या क्लासचा झेंडा वर जातो आणि एक आवाज होतो. चारला पी झेंडा, निळा आणि मधे पांढरा चौकोन. एक मिनिटाला पी खाली, लांब भोंगा. शून्याला क्लासचा झेंडा खाली, सुटलात. आवाज उशिरा पोचतो, म्हणून घड्याळ नेहमी झेंड्यावरून लावायचं. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा वर असेल तर स्टार्ट पुढे ढकललंय, तो खाली आल्यावर एका मिनिटाने पुन्हा मोजणी सुरू होते.

शेवटचं मिनिट नवीन माणसाला सगळ्यात अवघड. लाइनवर वीस-पंचवीस बोटी, शिडं फडफडतायत, सगळे ओरडतायत. पहिल्या रेगाटामध्ये गर्दीच्या टोकाला घुसू नका, लाइनच्या मधल्या भागात, थोडं मागे, शेजारी मोकळी जागा ठेवून थांबा. तीस सेकंदांवर शीड अर्धं ओढा, दहावर पूर्ण, म्हणजे शून्याला बोटीला वेग असेल. लवकर ओलांडलं तर निळ्या फुलीचा एक्स झेंडा दिसतो. वाटलं की आपणच असू, तर मागे जाऊन पुन्हा सुटा, नाहीतर पूर्ण रेस वाया. बरेच जण ओलांडले असतील तर निळा-पिवळा तिकोनी झेंडा आणि दोन आवाज, सगळ्यांचं स्टार्ट पुन्हा.

त्यानंतर पहिल्या मार्कपर्यंत वाऱ्याच्या दिशेला नागमोडी. इथं नवीन माणूस फार टॅक मारतो, दर टॅकला बोटीचा वेग मरतो. मोकळा वारा मिळत असेल तर चालत राहा, वारा फिरून नाक मार्कपासून लांब जायला लागलं तरच टॅक. पहिल्या मार्कला स्टारबोर्डवरून या, पोर्टवरून आलात तर येणाऱ्या प्रत्येकाला वाट द्यावी लागेल. कीलबोटीवर असाल तर तुमचं काम एकच, स्किपरने 'रेडी टू टॅक?' विचारलं की हातातला दोर मोकळा असेल तरच 'रेडी' म्हणा, नसेल तर 'नो' म्हणा, तो एक क्षण थांबेल. तयार नसताना 'रेडी' म्हणणं हे तिथं सगळ्यात वाईट समजतात.

निकाल कसा लावतात

एकसारख्या बोटी असतील तर सरळ: पहिल्याला १ पॉइंट, दुसऱ्याला २, आणि शेवटी सगळ्यात कमी पॉइंटवाला जिंकतो. रेस पूर्ण केली नाही तर एकूण एंट्री अधिक एक, म्हणजे २४ बोटी असतील तर २५ पॉइंट. ठरावीक रेस झाल्या की सगळ्यात वाईट निकाल वगळतात. सहा रेसमध्ये ३, २, ५, १, ७, ४ असे नंबर आले तर बेरीज २२, सातवा वगळून १५. म्हणून एका रेसमध्ये पहिलं येण्यापेक्षा सगळ्या रेस पूर्ण करणं पहिल्या वर्षी जास्त कामाचं.

वेगवेगळ्या बोटी एकत्र असतील तर वेळ दुरुस्त करतात. डिंगीला पोर्ट्समथ यार्डस्टिकचा आकडा असतो, लागलेली वेळ गुणिले हजार भागिले तो आकडा. ११०० आकड्याची बोट ६६ मिनिटांत आली तर तिची धरलेली वेळ ६० मिनिटं. म्हणजे तुमच्या आधी किनाऱ्याला लागलेली बोट निकालात तुमच्या मागे जाऊ शकते, बोर्डवर यादी लागेपर्यंत बॅग भरू नका.

संध्याकाळी बोट गोड्या पाण्याने पूर्ण धुवा, कप्प्या आणि शिवणी विशेषतः, शीड सावलीत वाळवून गुंडाळा, डोलकाठीवरचा ताण सैल करा. क्रू म्हणून गेला असाल तर हे काम सगळ्यात शेवटपर्यंत थांबून करा, पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं हे स्किपर तिथंच ठरवत असतो. मुंबईचा सिझन ऑक्टोबरला उघडतो, तेव्हा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच फोन करून ठेवा आणि रेल्वेचं रिझर्व्हेशन दिवाळीच्या गर्दीआधी काढा.